अमेरिकेतले चाउमीन: बिघडलेले की बदललेले?

मुशाफिर: अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांतले चाउमीन म्हणजे मूळ चिनी पदार्थाचे बिघडलेले रूप, असे सर्रास म्हटले जाते, मला ते पटत नाही. हा पदार्थ तिकडे नेणारे लोक प्रामुख्याने ग्वांगडोंग प्रांतातले, त्यातही तायशान परिसरातले होते. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली आणि आधीच येऊन राहिलेल्यांपुढे धोबीकाम व खानावळ याखेरीज फारसे मार्ग उरले नाहीत. गिऱ्हाईक परके, भाजीबाजारही परका. तेव्हा कोबी, सेलरी, कांदा जे मिळेल ते कढईत पडले. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर या कापडगिरण्यांच्या गावी तर कुरकुरीत नूडल्स दाट रस्स्यासह पावात घालून खाण्याची रीत रुजली. याला बिघाड म्हणायचे, तर आपल्या मंचुरियनला काय म्हणाल?

सैंधव: इतिहास मान्य आहे, परंतु पोटात जाते ते मीठ. एक टेबलस्पून सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि प्रौढांसाठी तेथील दैनंदिन मर्यादा २३०० मिलिग्रॅमची आहे. मी न्यू जर्सीत राहतो. घरी आणलेला डबा रिकामा झाला की तळाशी तपकिरी तेलाचा थर उरतो, आणि त्यात भाजी असते ती नावापुरती.

मुशाफिर: मिठाचा आक्षेप रास्त आहे, पण बदनामी मिठामुळे झालीच नाही. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रानंतर चिनी जेवणानंतर होणाऱ्या त्रासाचे सारे खापर अजिनोमोटोवर फुटले, ते केवळ चिनी खानावळींपुरते. अजिनोमोटोला चव देणारे तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि पार्मेजान चीजमध्ये भरपूर असूनही इटालियन जेवणाला कोणी बोल लावला नाही. शिवाय अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के, तर साध्या मिठात ३९ टक्के असते.

सैंधव: हा हिशेब अजिनोमोटो मिठाऐवजी घातले तरच जुळतो. प्रत्यक्षात ते मिठाच्या आणि सोया सॉसच्या जोडीला पडते, त्यामुळे एकूण सोडियम घटत नाही.

ओवी: आपण दोघे एकाच पदार्थाविषयी बोलत आहात का, अशी शंका येते. पूर्व किनाऱ्यावर चाउमीन म्हटले की बहुधा तळलेल्या कुरकुरीत नूडल्सवर ओतलेला रस्सा येतो, आणि सैंधव यांच्या डब्यातले मऊ, सॉसमध्ये घोळलेले प्रकरण तिकडे लो मीन म्हणून विकले जाते. कॅलिफोर्नियात मात्र मऊ नूडल्सनाही चाउमीनच म्हणतात. पहिल्यात तेल नूडल्स तळतानाच मुरलेले असते, दुसऱ्यात मिठाचा भार सॉसमधून येतो. घरी करायचे असल्यास नूडल्स उकळून नीट निथळाव्यात, कढई खरोखर तापू द्यावी आणि भाजी नूडल्सइतकीच घ्यावी. मग चमचाभर सोया सॉस चौघांना पुरतो.