शाळेत मानवी हक्क शिकवले जातात, हे ठरवायचं कशावरून?

विडी घरकुल:
काल 'सात रस्ता' यांनी लिहिलं की आपल्या राज्यात मानवी हक्कांचं शिक्षण केव्हाच रुजलंय. पुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका आहे, परिपाठात ती म्हणतात, २६ नोव्हेंबरला फेरी निघते, मग आणखी मोजमाप कसलं करायचं? वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्कांवर दोन धडे आहेत आणि चांगले आहेत. नववीत मानवी हक्क येतात ते 'आंतरराष्ट्रीय समस्या' या धड्यात, दहशतवाद आणि निर्वासितांच्या शेजारी. पोरांना वाटतं, ही परदेशातली भानगड आहे. दहावीला राज्यशास्त्राला चाळीसातले बारा गुण, त्यामुळे शिकवायला किती तास मिळतात ते शिक्षकांनाच विचारा.

मी सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेते. बहुतेक मुलींच्या आया विडी वळतात. एका मुलीने कलम २४ चं उत्तर अगदी नेटकं लिहिलं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. पूर्ण गुण मिळाले. तीच मुलगी घरी गेली की सूप मांडीवर घेऊन बसते, पानं कातरते, वळलेल्या विड्यांची तोंडं मुडपते, कारण आईच्या हजार विड्या भरायच्या असतात. नखांच्या कडा पिवळ्या पडल्यात. मी विचारलं, हे कलम तुला लागू होतं का गं? म्हणाली, "ते फॅक्टरीत जाणाऱ्यांना असतंय ओ मॅडम, आमचं घरचं काम हाय."

घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करणं आणि मजुरी यांत रेघ कुठे ओढायची, यावर २०१६ च्या बालकामगार कायद्याच्या दुरुस्तीवेळी देशभर वाद झाला. म्हणजे पोरीने खरा प्रश्न पकडला होता. तो वर्गात निघायला हवा होता, पण निघाला नाही.

मोजमापाचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ४.७ हे शिक्षणाचं लक्ष्य आहे. त्याच्या निर्देशकात मानवी हक्क शिक्षण चार ठिकाणी तपासायचं असतं: धोरण, अभ्यासक्रम, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मुलांचं मूल्यमापन. पहिल्या दोन्हींत आपल्याला गुण मिळतील, पुढच्या दोन्हींत आपण काठावरही नाही. मी पाचवं ठिकाण धरते: शाळा स्वतः मुलांशी कशी वागते. शौचालय आहे, चालू आहे, अशी नोंद युडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, होते. मधल्या सुट्टीत त्याला कुलूप असतं, ती नोंद कोण करतो?

सात रस्ता:
ताई, नाव घेतलंत म्हणून सविस्तर लिहितो. मी 'सगळं उत्तम आहे' असं म्हटलेलं नाही. रुजलंय म्हटलं.

नागपूर जिल्हा परिषदेत २००५ मध्ये ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांत उद्देशिका वाचायला लावली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २६ जानेवारी २०२० पासून, राज्यातल्या सगळ्या शाळांत ती आली. मूल्यवर्धन हा संविधानातल्या मूल्यांवरचा उपक्रम २००९ मध्ये बीडच्या जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यभर गेला. त्यात गटात बसून बोलणं आहे, घोकंपट्टी नाही. आपल्या गावात १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मुलं जातात. इंग्रजांनी लावलेल्या १९३० च्या मार्शल लॉमध्ये काय झालं, हे सोलापूरच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. हे सगळं तुम्ही एका मुलीच्या उदाहरणावर पुसून टाकता.

आणि पाठांतराला इतकं हिणवू नका. माझी आई तिसरी शिकलेली. नातवाकडून ऐकून ऐकून तिला उद्देशिका पाठ झाली. रेशन दुकानदार अंगावर ओरडला तेव्हा म्हणाली, "दर्जाची समानता म्हणून पोरगं रोज म्हणतंय, तू कोण मोठा लागून गेलास?" रुजणं म्हणजे आणखी काय असतं?

शाळामास्तर:
दोघांनाही नमस्कार. मोहोळ तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, दोन शिक्षकी. तुमचं मोजमाप शेवटी कुणाच्या गळ्यात पडणार ते आधी सांगा. संविधान दिनाला सकाळीच ग्रुपवर मेसेज येतो, 'बारा वाजेपर्यंत फोटो व लिंक भरणे'. मग फेरी काढायची की फोटो काढायचा? मतदार यादीचं काम आमच्याकडे, खिचडीचा हिशोब आमच्याकडे, आधार जुळत नाही ते निस्तरायचं आमच्याकडे. प्रशिक्षण म्हणता, ते मोबाईलवर व्हिडिओ पुढे ढकलून प्रमाणपत्र काढायचं असतं. सगळेच तसं करतात, मीही केलंय.

आणि एक खरं बोलतो, राग येऊ द्या. हक्क हक्क करून वर्ग हातातून गेलाय. छडी बंद झाली तेव्हापासून पाचवीचं पोरगं तोंडावर म्हणतंय, "सर, हात लावून बघा." आमच्या हक्काचा धडा कुठल्या इयत्तेत आहे?

वकीलबाई:
सर, कामाच्या बोज्याबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूने. छडीबद्दल नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे आणि मोडल्यास सेवा नियमांप्रमाणे कारवाई होते. इतक्या वर्षांनंतरही एका शिक्षकाला हा कायदा म्हणजे आपल्याकडून काढून घेतलेली वस्तू वाटते. शिक्षक प्रशिक्षण कुठवर पोचलं, त्याचा पुरावा तुम्हीच दिलात.

हुरडा:
मॅडम, कायदा एसीत बसून वाचायला बराय. आम्ही बार्शीकडचे. गुरुजींनी निरगुडीच्या फोकाने हाणलं म्हणून पाढे पाठ झाले, म्हणून आज स्वतःचं दुकान चालवतो. गुरुजी आजारी पडले तेव्हा त्यांच्याच हातचा मार खाल्लेली आम्ही पोरं दवाखान्यात पाळीपाळीने बसलो. ते प्रेम कुठल्या कलमात बसवता? आताच्या पोरांना हक्क सगळे माहीत, कर्तव्य एक माहीत नाही. शिकवायचंच तर आधी कर्तव्य शिकवा.

विडी घरकुल:
कर्तव्यं शिकवतातच की. सातवीच्या त्याच पुस्तकात आहेत. शेवटचं कर्तव्य, २००२ च्या घटनादुरुस्तीने आलेलं, ते सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिकू देण्याचं आहे. म्हणजे पालकांचं, तुमचं-माझं. कर्तव्यं काढून पोरांनाच दामटू नका.

छडीचा विषय वेगळा धागा काढून बोला, ही विनंती. इथे मोजमापावर बोलू.

हुरडा:
छडी वेगळी कशी? तुम्हीच वर लिहिलं, शाळा मुलांशी कशी वागते ते बघा. मग बघू की. दहा पालकांना विचारा, नऊ जण म्हणतील, 'मारा पण शिकवा'. लोकांना काय पाहिजे ते तुमच्या निर्देशकात बसत नाही.

सेटलमेंट:
खूप दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. मी सेटलमेंट भागातला. हुरडा दादा, तुमच्या गुरुजींबद्दल काही म्हणायचं नाही. पण मार सगळ्यांना सारखा बसत नसतो.

आमच्या वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की पहिलं दप्तर माझं उलटं व्हायचं. मग माझ्या मागच्या बाकावरच्याचं, तोही आमच्याच वस्तीतला. बाकीची दप्तरं उघडायची वेळच यायची नाही, तोवर छडी झालेली असायची. पेटी बरेचदा ज्याची हरवली त्याच पोराच्या घरी सापडायची. मग सर म्हणायचे, "बरं झालं, पुढच्या वेळेला धाक राहील."

इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवलं, हजेरी लावायला लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. त्याला किती वर्षं लोटली आणि वर्गात माझीच झडती. सातवीला समानतेचा हक्क शिकवणारे सर तेच होते. मी धडा पाठ म्हणून दाखवला, तेव्हा शाबासकी पण दिली त्यांनी.

चार पुतळ्यांपाशी फेरी जाते असं सात रस्ता साहेब म्हणाले. आमच्या कुंपणापाशी कधी एखादी शाळा आलेली मी पाहिली नाही. ते पण सोलापूरच आहे.

शाळामास्तर:
वाईट झालं तुमच्यासोबत. पण एका मास्तराच्या पापाचं माप सगळ्या मास्तरांच्या पदरात घालू नका. माझ्या शाळेत पारधी समाजाची चार पोरं आहेत. पहाटे त्यांच्या पालावर जाऊन त्यांना उठवून आणतो मी, माझ्या गाडीवर, माझ्या पेट्रोलने. कुठल्या फॉर्मात त्याचा रकाना नाही. इथे शहरात बसून आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता आणि वर म्हणता कामाच्या बोज्याबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूने! नको असली बाजू.

वकीलबाई:
सर, तुम्हाला पिंजऱ्यात कुणी उभं केलेलं नाही. पहाटे पालावर जाणं हेच मानवी हक्क शिक्षण आहे. तुमच्या शाळेत कुणी कधी पाहणी केली तर त्या पोरांची हजेरी पहिल्यांदा लिहावी असं मला वाटतं. पण त्याच पोराने तुमच्या छडीबद्दल तक्रार करायची ठरवली तर ती कुठे करील?

शाळामास्तर:
तक्रारपेटी आहे.

वकीलबाई:
किल्ली कुणाकडे?

शाळामास्तर:
माझ्याकडे. मीच प्रभारी मुख्याध्यापक आहे, दुसऱ्या कुणाकडे देऊ?

विडी घरकुल:
इथेच थांबून बघूया. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं अत्याचाराचं प्रकरण झालं आणि तक्रारपेटीचे आदेश पुन्हा निघाले. आमच्या भागातल्या एका शाळेतली पेटी मी पाहिली. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी ठोकलेली, पत्र्याची, पिवळ्या अक्षरांत नाव रंगवलेलं. समोर शिपायाचं स्टूल. ज्या मुलीला चिठ्ठी टाकायची तिने शिपायादेखत, ऑफिसच्या खिडकीसमोर उभं राहून टाकायची. फटीत धूळ साचलीय. तपासणीच्या अहवालात मात्र 'तक्रारपेटी: आहे' असंच येणार.

शाळा खाजगी की सरकारी, मला फरक दिसत नाही. पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून इंग्रजी शाळेत गेलेली आमच्या गल्लीतली एक मुलगी आहे. स्नेहसंमेलनाचे पैसे भरले नाहीत म्हणून नाचातून काढलं आणि प्रेक्षकांत बसवलं. त्या शाळेच्या भिंतीवर मुलांच्या हक्कांचा रंगीत तक्ता आहे.

सात रस्ता:
पेटीची गोष्ट पटली. मनाविरुद्ध, पण पटली. फेरी, वाचन, तक्ते हे सगळं मी मोजत होतो, आणि किल्ली कुणाकडे हे विचारायचं डोक्यात आलं नव्हतं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. उद्देशिका घराघरांत गेली नसती तर सेटलमेंट यांना आपल्यावर अन्याय झाला हे म्हणायला शब्द तरी मिळाले असते का?

सेटलमेंट:
अन्याय कळायला पुस्तक लागत नाही साहेब, दप्तर उलटं झालं की कळतंय. पुस्तकामुळे एवढं कळलं की सर जे करत होते ते त्यांनाही करायला मनाई आहे. त्याचा उपयोग झाला, नाही म्हणत नाही. पण तो मला बारावीनंतर झाला. तेव्हाच झाला असता तर शाळा सोडून दोन वर्षं यंत्रमागावर काढली नसती.

हुरडा:
कंपासपेटीचं वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तसं मारणं चूकच. पण छडी सरसकट वाईट, हे मी मान्य करणार नाही म्हणजे नाही.

वकीलबाई:
मान्य करू नका. कायदा तुमच्या मान्यतेवर चालत नाही. शाळामास्तर, एक सुचवते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. पेटीची किल्ली समितीतल्या एखाद्या आईकडे द्या, आणि पेटी पोरांच्या पाणी प्यायच्या जागेजवळ हलवा.

शाळामास्तर:
समितीच्या बायका ऊसतोडीला गेल्या की दिवाळीनंतर चार-पाच महिने गावात नसतात. किल्ली कुणाकडे ठेवू, अंगणवाडी ताईंकडे? बघतो. शनिवारच्या बैठकीत विषय घेतो. त्याचा फोटो मात्र कुठल्याच ग्रुपवर टाकणार नाही.