रुग्ण शुद्धीत आहे की नाही, हे आता एआय ठरवणार?

खवचट खंड्या: "एआय मिनिटात सांगेल रुग्ण शुद्धीत आहे का, खाटेजवळच्या तपासणीचे दिवस संपले" ही पोस्ट जो तो पाठवतोय, म्हणून लिहितोय. २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हाच गाजावाजा झाला होता. ईईजीला (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदीला) मशीन लर्निंग लावलं आणि १६ व्हेजिटेटिव्ह (डोळे उघडे, पण भान नाही असं निदान झालेल्या) रुग्णांपैकी ३ जण म्हणे मनातल्या मनात सूचना पाळत होते. दुसऱ्या गटाने तीच माहिती पुन्हा तपासली, दावा टिकला नाही. शिवाय १२ धडधाकट माणसांपैकी ३ जण त्या चाचणीत नापास! त्यांना काय कोमात धरायचं?

मीनल: २०११ मध्येच अडकलात. २०२४ च्या न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात बघा: सांगितल्यावर बोटही न हलवणारे २४१ रुग्ण, त्यातले ६० ईईजी नाहीतर एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग काम करतोय हे दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) सूचना पाळताना सापडले. आणि तुमची लाडकी खाटेजवळची तपासणी? २००९ मध्ये डॉक्टरांनी "व्हेजिटेटिव्ह" ठरवलेल्या ४४ रुग्णांना सीआरएस-आर (शुद्धीच्या खुणा पायरीपायरीने तपासून गुण देणारी चाचणी) लावली, १८ जणांत शुद्धीच्या खुणा निघाल्या.

खवचट खंड्या: सीआरएस-आर माणूसच करतो ना, खाटेजवळ उभा राहून? माझाच मुद्दा मांडलात, आभार.

बंडू: करतो कोण पण? माझ्या भावाच्या वेळी राउंडला यायचे, छातीवर बोटं घासायचे, "नो रिस्पॉन्स" लिहून पुढे. आईचा आवाज आला की त्याचे डोळे वळायचे. सांगितलं तर "रिफ्लेक्स आहे". तीन महिन्यांनी त्याने तिला हाक मारली. तेव्हा कोणी फिरकलं नाही.

रात्रपाळी: एका डॉक्टरमागे किती खाटा असतात ते माहितीय का? सीआरएस-आर नीट करायची तर अर्धा तास जातो, आणि एकदा करून भागत नाही.

बंडू: मग "नो रिस्पॉन्स" नका लिहू. "वेळ नव्हता" लिहा.

सिस्टर: आमच्या नोंदी तरी कोण वाचतं? रात्रभर गुंगीचं औषध चालू आणि सकाळी त्यावरच तपासणी. पण नातेवाइकांचंही सांगते. "हात दाबला" म्हणतात, तो बहुतेकदा तळव्याला स्पर्श झाला म्हणून वळलेला असतो.

बंडू: म्हणजे आम्ही खोटं बोलतो?

सिस्टर: अहो, कुठे म्हटलं तसं? "दाब" सांगून थांबू नका, "सोड" पण सांगा. सोडला तर मला उठवा, मध्यरात्री येईन.

खवचट खंड्या: धागा एआयवर होता, आठवतंय का कोणाला? व्हेंटिलेटर काढला गेलेला माणूस आकडेवारीत "सुधारला नाही" म्हणून जातो. त्यावर शिकलेलं यंत्र पुढच्यालाही तेच भविष्य सांगणार.

मीनल: हे मान्य, नाइलाजाने. पण व्हेंटिलेटर काढायचं माणसांनीच ठरवलं होतं ना?

खवचट खंड्या: बरं बाई, यंत्राने "आहे" म्हटलं तर ऐकू. "नाही" म्हणायचा अधिकार मात्र त्याला नाही. खूश?

मीनल: मग डॉक्टरांनाही तोच नियम लावा.

रात्रपाळी: लावा. आणि घरच्यांशी बोलायलाही तुम्हीच या.

बंडू: चेहऱ्याची बारीक हालचाल टिपणारा कॅमेरा निघालाय म्हणतात. लावा तो. निदान "रिफ्लेक्स" म्हणून पुढच्या खाटेकडे तरी जाणार नाही.