दसऱ्याचा बुके घरीच करायचाय, झेंडू चालेल का?

परळची_सून:
यंदा दसऱ्याला सासूबाईंकडे मुलुंडला जायचंय, त्यांची पंचाहत्तरी पण त्याच आठवड्यात येतेय म्हणून हातात छानसा बुके न्यायचाय. गेल्या वर्षी दुकानातून नेलेला ट्रेनमध्येच मान टाकून बसला, खूप वाईट वाटलं. मला झेंडू, शेवंती, आपटा असं आपल्या सीझनचंच घालायचंय, पण दादरला झेंडू तर सगळा सुट्टा किलोवर मिळतो, देठच नसतो, मग बुकेत उभा कसा करायचा?

पहाटेची_लोकल:
अगं सोप्पंय, खराट्याचे हीर घे. फुलाच्या खालच्या हिरव्या गाठीतून हीर वर घाल, पाकळ्यांच्या बाहेर येऊ देऊ नकोस, झाला देठ. हिराला हिरवी टेप गुंडाळलीस तर दिसतही नाही. सुट्टा झेंडू पाण्याशिवाय दिवसभर आरामात टिकतो, हारात नाही का राहत. शेवंती, अ‍ॅस्टर आणि गुलछडी मात्र देठासकट जुडीच घे, घरी आल्या आल्या देठ तिरके काप, खालची पानं काढ आणि रात्रभर बादलीत गळ्यापर्यंत बुडवून ठेव. माझ्या मते निम्मं काम ही बादलीच करते. गुलछडी अर्ध्या कळ्या मिटलेलीच निवड. आणि बाजारात आदल्या दिवशी पहाटे जा, उजाडल्यावर गर्दीत फुलं चेंगरतात.

रानवाट:
पाल्याबद्दल सांगते, कारण तिथेच सगळे फसतात. आपटा म्हणून बरेचदा कांचनाच्या फांद्या विकतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, चिवट, रुंदी लांबीपेक्षा जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ, ते लगेच लोळतं. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या मावश्यांकडे भाताच्या लोंब्या मिळाल्या तर नक्की घे, तोरणातल्या लोंब्या बुकेतही इतक्या सुंदर दिसतात ना, सोनेरी, झुकलेल्या, आणि पाणीबिणी काही नको. कुर्डू मिळाला तर तोही, तो वाळला तरी तसाच गुलाबी-पांढरा राहतो. तेरडा नको, तोडल्यावर तासाभरात मान टाकतो.

परळची_सून:
लोंब्या डोक्यातच आल्या नव्हत्या!! सासूबाई मूळच्या रोह्याच्या, लहानपणी घरची शेती होती, त्यांना बघूनच काय वाटेल. बांधायचं कशाने?

पहाटेची_लोकल:
सुतळीने. मधे लोंब्या नि गुलछडी उंच, भोवती शेवंती, झेंडू खाली दाटीवाटीने आणि आपटा सगळ्यात बाहेर. देठांना ओला कापूस लाव, वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांध, ऑक्टोबरच्या उन्हात हे हवंच. आणि तिथे पोचल्यावर नैवेद्याच्या केळ्यांशेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने फुलं लवकर मलूल होतात.

परळची_सून:
हीर आजच काढून ठेवते. लोंब्या दादरला नाहीच मिळाल्या तर ठाण्याच्या बाजारात बघू का?

रानवाट:
हो, स्टेशनबाहेर सकाळी बघ. दोन जुड्या घे, एक त्यांच्या दाराला.