ल्युसर्न आणि टिटलिसचा दिवस : अनुभव धागा

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न शहर आणि माउंट टिटलिस हा बर्फाचा डोंगर बहुतेक वेळा एकाच दिवसात उरकतात. जाऊन आलेल्यांनी नेमकं लिहा : वेळ कुठे जातो, सोबत काय हवं, घोळ कुठे होतो.

*

आधी बसचं गणित. साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला 45 मिनिटं विश्रांती सक्तीची. ती 15 आणि 30 अशी तोडता येते. दिवसाला 9 तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच 10. सगळं टॅकोग्राफवर, म्हणजे बसमधल्या वेळ नोंदवणाऱ्या यंत्रावर, नोंदलं जातं. त्यामुळे सकाळी दोघं वीस मिनिटं उशिरा आले, तर तेवढा वेळ संध्याकाळच्या एखाद्या ठिकाणातून जातो. टूर मॅनेजरशी वाद घालून तो परत मिळत नाही.

*

टिटलिसच्या पायथ्याचं गाव एंगेलबर्ग साधारण 1,000 मीटरवर, टिटलिसचं वरचं स्टेशन 3,020 वर. आठ जणांच्या गोंडोलातून ट्रुब्से या मधल्या स्टेशनमार्गे स्टांड स्टेशनला जायचं, तिथे उतरून रोटेअर ही फिरती केबल कार. 1992 पासून चालणारी ही केबिन वर जाता जाता स्वतःभोवती पूर्ण फिरते. सगळ्यांना सगळ्या बाजू दिसतात, खिडकीसाठी ढकलाढकली नको.

अर्ध्या तासात 2,000 मीटर चढल्यावर धाप लागते, डोकं जड होतं. पहिली दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मगच हिंडा. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचाराच.

क्रम महत्त्वाचा. आभाळ मोकळं असेल तर आधी क्लिफ वॉक : 100 मीटर लांब, जेमतेम मीटरभर रुंद झुलता पूल. वारा वाढला की तो बंद करतात. बर्फाची गुहा शेवटी ठेवा, ती ढगातही तशीच असते. आत तापमान शून्याखाली, जमीन निसरडी. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून आलेले इथेच घसरतात. जाड एका स्वेटरपेक्षा दोन-तीन थर बरे, कारण खाली बसमध्ये उकडतं. गॉगल हवाच, बर्फावरून येणारं ऊन डोळ्यांना सोसत नाही.

उतरताना ट्रुब्सेला दार उघडतं. घाईत तिथेच उतरणारे ग्रुपपासून तुटतात. थेट एंगेलबर्गपर्यंत बसून राहा.

*

चार्जर! स्विस सॉकेट खोलगट षटकोनी असतं. फ्रान्स-जर्मनीत चालणारा जाड गोल प्लग त्यात बसत नाही, बारीक दोन पिनांचा बसतो. युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टरवर स्वित्झर्लंड लिहिलंय का, घरीच बघा.

*

पैसे : युरो बऱ्याच ठिकाणी घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये देतात आणि ते पुढच्या देशात चालत नाहीत. कार्ड सोयीचं. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याचंच असतं. ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तेवढं सोडा.

*

ल्युसर्नला बस बहुधा श्वानेनप्लाट्झ या चौकात सोडते, समोरच घड्याळांची दुकानं. तिथे आधी शिरलात तर शहर राहिलंच समजा. चॅपल ब्रिज हा छत असलेला जुना लाकडी पूल दोन पावलांवर आहे, तो आधी बघा. ऑगस्ट 1993 च्या आगीत पुलाचा मोठा भाग आणि छताखालची बरीचशी त्रिकोणी चित्रं जळाली. मग दहा-बारा मिनिटं चालून सिंहाचं शिल्प. 1792 मध्ये पॅरिसला मारल्या गेलेल्या, फ्रेंच राजाच्या स्विस रक्षकांसाठी ते सरळ कड्यातच कोरलंय. त्याच्यासमोर शांतपणे पाच मिनिटं तरी उभं राहा.

बसचा नंबर आणि उतरलेल्या जागेचा फोटो काढून ठेवा. चौकात बसला फक्त चढ-उतारापुरतं थांबता येतं.