अनुभव धागा: पावसाळी राइड हुकते कुठे?

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. म्हणजे हातात सतरा रविवार. काही रेड अलर्टमध्ये जातात, काही कामात, काही घरच्या कार्यात. उरलेले चार-पाच तरी पदरात पडावेत म्हणून हा धागा. सह्याद्री दोन-तीन तासांवर हिरवागार उभा असताना दुचाकी पार्किंगमध्ये अडकून पडते, ती बहुतेक वेळा शनिवारी रात्री ध्यानात आलेल्या बारीकशा बिघाडामुळे, नाहीतर चुकीच्या रस्त्याने आणि उशिरा निघाल्यामुळे. प्रवासवर्णनं नकोत, मंडळी. काय बिघडतं, का, आणि कसं टाळायचं, तेवढं नेमकं लिहा.

लालबाग, गॅरेजमधून

पहिलं कारण बॅटरी. आठवडाभर उभी असलेली गाडी, रविवारी पहाटे सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक. तो रिलेचा, म्हणजे स्टार्टरला करंट सोडणाऱ्या स्विचचा आवाज. करंट रिलेपुरता आहे, स्टार्टर फिरवण्याइतका नाही. वीस मिनिटं सेल्फ दाबत बसू नका, उरलेलंही संपतं.

दोन-अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असू द्या. गाडी बंद, रात्रभर उभी: १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. मग गाडी सुरू करून रेस थोडी वाढवा, १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. १३ च्या वर चढतच नसेल तर नवी बॅटरी घालून उपयोग नाही, तीही चार दिवसांत उतरेल. दोष रेग्युलेटरमध्ये, कॉइलमध्ये किंवा कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या जोडाच्या, गंजलेल्या पिनांमध्ये असतो. आधी कपलर उघडून बघा, आपल्या खाऱ्या हवेत तोच जास्त वेळा सापडतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, वर व्हॅसलिनचा पातळ हात.

पार्किंगमध्ये पाच मिनिटं गाडी चालू ठेवून बॅटरी भरत नाही. अर्धा तास फिरवून आणा, तेही गुरुवारी. शनिवारी रात्री बिघाड कळला तर रविवारी दुकानं बंद.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण मेली असेल तर ढकलून सुरू होण्याची आशा फार धरू नका, पेट्रोल पंपालाच करंट लागतो. कार्बोरेटरच्या गाडीचा त्रास वेगळा. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा शोषतं, पाणी जड म्हणून कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी बसतं. गाडी सुरू होते, पण चोक बंद केला की मरते. वाटीच्या खालचा स्क्रू सैल करून चहाच्या अर्ध्या कपाएवढं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाशी थेंब वेगळे फिरताना दिसले की समजा. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत ओलावा जास्त धरतो.

डोंबिवली

क्लच वायर! ती मधे सहसा तुटत नाही, लिव्हरमध्ये अडकणाऱ्या गोळ्याजवळ तुटते, कारण तिथे ती दर गिअरला वाकते. आधी एक-दोन तारा सुटतात, लिव्हर जड लागतो, कधी बोटाला तारेचं कूस टोचतं. तिथेच बदला. लिव्हर काढून बॅटरीच्या उजेडात बघायला पाच मिनिटं लागतात.

लांबच्या राइडआधी नवी वायर जुन्या वायरच्या शेजारून ओवून केबल टायने बांधून ठेवा, दोन्ही टोकांना प्लॅस्टिक गुंडाळून. घाटात तुटली तर टाकी न उघडता फक्त टोकं बदलायची. लिव्हरला २-३ मिलिमीटर मोकळीक हवी. अजिबात नसेल तर क्लच घसरून प्लेटी जळतात, आणि चढावर रेस वाढते पण गाडी पळत नाही.

चेंबूर

वरच्यांनी चेनचं लिहिलं नाही म्हणून. पावसात दर ३००-४०० किलोमीटरला आणि भिजलेल्या प्रत्येक राइडनंतर. धुवायची रॉकेल किंवा डिझेलने. पेट्रोलने नको, ओ-रिंगचं रबर खराब होतं. तेल रात्री घाला, खालच्या पट्ट्याला आतल्या बाजूने, मागचं चाक हाताने फिरवत. इंजिन चालू ठेवून कधीच नाही, बोटं जातात. सैलपणा किती ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतं, बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर. पावसाळ्यात लोक घट्ट करून ठेवतात, मग स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि बेअरिंग दोन्ही जातात.

गिरगाव

दक्षिण मुंबईतून निघणाऱ्यांसाठी रस्त्यांचं, कारण अर्धा तास तिथेच जातो. सागरी सेतू, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू: चारही दुचाकीला बंद. पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गही बंद. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये दुचाकी निवडली नाही तर ते तुम्हाला थेट फ्रीवेच्या तोंडाशी नेऊन सोडतं. सरळ सायन, चेंबूर, वाशीचा पूल, पनवेल, आणि तिथून जुना हायवे धरा. खोपोलीनंतर शिंग्रोबाच्या देवळावरून चढणारा घाट खरोखर सुंदर आहे, पण वळणांवर ट्रकचं डिझेल सांडलेलं असतं. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर तिथे ना ब्रेक, ना कल.

दुसरा मार्ग पाण्यावरून. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, साधारण तासाभराची. पनवेल-वडखळची कोंडी पूर्ण टळते. पावसात समुद्र खवळला की फेरी रद्द होते, म्हणून आदल्या संध्याकाळी खात्री करा. बोटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर लावा. मेन स्टँडवर गाडी हेलकाव्याने डोलते. पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबून रबराने मुठीला बांधा, गाडी हलत नाही. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याहून दिघीची बोट पकडली की दिवेआगर-श्रीवर्धन.

ठाणे

माळशेज. कल्याण, मुरबाड, टोकावडे. रविवारी पाचला ठाणे सोडा, आठच्या आत घाटात असा, दुपारच्या आत उतरा. नऊनंतर गाड्यांची रांग लागते आणि धबधब्यापाशी उभं राहणंही नकोसं होतं. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश असू शकतो, जाण्याआधी चौकशी करा. ओल्या कातळाच्या भिंतीखाली गाडी उभी करू नका. बारीक खडे गडगडताना ऐकू आले तर फोटो राहू द्या आणि निघा.

अलर्टचे रंग समजून घ्या. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस (साधारण यलो), ११५.६ पासून अतिजोरदार (ऑरेंज), २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार (रेड). ऑरेंज म्हणजे घाटात जायचं नाही, रेडला तर प्रश्नच नाही. आणि अंदाज मुंबईचा बघू नका, ज्या जिल्ह्यात जायचंय त्याचा आणि तिथल्या घाटमाथ्याचा बघा. दादरला ऊन असताना घाट बंद असू शकतो.

माळशेजला गर्दी असेल तर मनोर-विक्रमगड-जव्हार. रस्ता शांत, झाडी दाट.

मुलुंड

हेल्मेटचा व्हायझर. भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब आतून चोळा, सुकू द्या, कोरड्या मऊ कापडाने पुसा. तासभर वाफ धरत नाही. चष्मेवाल्यांनी चष्म्यालाही.

दादर

शहरातच अर्ध्या राइड संपतात, हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवेच्या पाण्यात. पाणी सायलेन्सरच्या वर असेल तर जाऊ नका. अडकलात आणि गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी न्या, प्लग काढा, किकने किंवा मागचं चाक फिरवून पाणी बाहेर पडू द्या. ऑइलची काडी बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. नुसती प्लगची टोपी भिजली असेल तर पुसून आत फुंकर मारली तरी चालते.

ओल्या पेव्हर ब्लॉकवर आणि फ्लायओव्हरच्या लोखंडी सांध्यांवर गाडी सरळ ठेवा, रेस स्थिर. पांढऱ्या पट्ट्यांवरही तेच.

मालाड

ज्यांना पूर्ण दिवस मिळतच नाही, शिफ्ट, लहान मूल, घरचं आजारपण, त्यांच्यासाठी. दुसऱ्यांचे घाटातले फोटो बघून जीव तुटतो, ते खरं आहे. पण तीन तास असतील तर मार्वेहून मनोरीची बोट घ्या. दुचाकी जाते. पुढे गोराई, उत्तन, भाईंदर, मीरा रोड, दहिसर असा वेढा पूर्ण होतो. उत्तनजवळ समुद्र डाव्या हाताला उघडतो, भातखाचरं आणि ताडाची झाडं आहेत, आणि सकाळी सातला रस्त्यावर कोळणींच्या टोपल्यांशिवाय फार कोणी नसतं. मोठ्या ओहोटीला धक्क्याच्या उतारावरचं शेवाळ उघडं पडतं. तिथे पहिला गिअर, दोन्ही पाय खाली, पुढचा ब्रेक अजिबात नाही. उतरताना मागे बसलेल्याला आधीच उतरवा.

लालबाग, पुन्हा

एक राहिलं. जुलै हुकला म्हणून गाडी झाकून ठेवू नका. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पठारांवर सोनकीची फुलं पिवळी धमक असतात, धबधबे अजून वाहतात आणि रस्ते बरेच कोरडे असतात. त्याआधी ब्रेक ऑइल बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं. चार महिन्यांच्या पावसानंतर घाट उतरताना तापतं आणि लिव्हर मऊ होतो. डॉट ३ की डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) ते गाडीच्या ब्रेक ऑइलच्या झाकणावर बघून तेच घ्या, आणि डबा आधी उघडलेला नको.