कॉल रेकॉर्डिंग: आयव्हीआरवर सूचना ऐकवली की काम झालं का?

सपोर्ट_डेस्क (प्रश्न)

विक्री आणि सपोर्ट मिळून १८ एजंट आहेत. ग्राहक भारत, अमेरिका आणि जर्मनीत. इनकमिंग कॉल क्लाउड पीबीएक्सवर (इंटरनेटवरून चालणारं ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) येतात, तिथे आयव्हीआरमध्ये (कॉल लागल्यावर ऐकू येणारा स्वयंचलित आवाज) "गुणवत्ता व प्रशिक्षणासाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो" एवढं वाक्य वाजतं. आउटगोइंग कॉल डायलरवरून (आपोआप नंबर लावणारं सॉफ्टवेअर) जातात, तिथे काहीच सूचना नाही. विक्रीतले काही जण फिरतीवर असताना स्वतःच्या मोबाइलवरून बोलतात. आता वरून असं ठरलंय की सगळे कॉल रेकॉर्ड करायचे आणि एआयकडून ट्रान्सक्रिप्ट (बोलण्याचा लेखी मजकूर) काढायचे.

तर, तीनही देशांना एकच सूचना चालेल का? ग्राहक "रेकॉर्ड करू नका" म्हणाला तर काय करायचं? काही ग्राहक फोनवरच कार्डाने पैसे भरतात, त्याचं काय? आणि फाइली किती दिवस ठेवायच्या?

नियमवही

आउटगोइंगला सूचना नाही, हे सगळ्यात मोठं भगदाड आहे. ते आधी बुजवा, ट्रान्सक्रिप्टचं नंतर बघू.

अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) कायद्याने कॉलवरच्या एका पक्षाची संमती पुरते, पण राज्यांना त्याहून कडक कायदा करायची मुभा आहे. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, इलिनॉय, मोंटाना, न्यू हॅम्पशायर या राज्यांत कॉलवरच्या सगळ्यांची संमती, किंवा निदान सगळ्यांना माहिती असणं, लागतं. नेवाडाचा कायदा नुसता वाचला तर सौम्य वाटतो, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फोन कॉलसाठी सगळ्यांची संमती हवी असाच अर्थ लावला आहे.

कॅलिफोर्नियात प्रत्येक उल्लंघनाला ५,००० डॉलर किंवा प्रत्यक्ष नुकसानीच्या तिप्पट, यांपैकी जास्त असेल ती भरपाई मागता येते, आणि प्रत्यक्ष नुकसान दाखवावंही लागत नाही. शंभर कॉल विनासूचना गेले तर हिशेब ५ लाख डॉलरवर जातो. शिवाय "कॉलमध्ये गोपनीय काही नव्हतंच" हा बचाव मोबाइल किंवा कॉर्डलेस फोनवरच्या कॉलला चालत नाही. त्यासाठी तिथल्या दंडसंहितेचं कलम ६३२.७ वेगळं आहे.

जर्मनीत प्रकरण फौजदारी आहे. दंडसंहितेच्या कलम २०१ खाली खासगीत बोललेले शब्द परवानगीशिवाय रेकॉर्ड केले तर दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. त्यावर जीडीपीआर (युरोपचा डेटा संरक्षण कायदा) आहेच. "हा कॉल रेकॉर्ड होतोय, पुढे बोललात म्हणजे मान्य" असली संमती तिथे धरत नाहीत, स्पष्ट होकार लागतो. युरोपातलंच दुसरं उदाहरण: डेन्मार्कच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने २०१९ मध्ये एका दूरसंचार कंपनीला ग्राहकांच्या संमतीशिवाय प्रशिक्षणासाठी कॉल रेकॉर्ड करायला मनाई केली. म्हणजे तुमचं "गुणवत्ता व प्रशिक्षण" हे ठरलेलं वाक्य तिथे उपयोगाचं नाही.

एकबाजू

पण आपण जिथून फोन करतो तिथला कायदा लागू होणार ना? तिथे एकाची संमती पुरत असेल तर कॅलिफोर्नियाचा संबंध कुठे येतो?

नियमवही

@एकबाजू, हा वाद कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात २००६ मध्येच निकाली निघाला. ब्रोकर कंपनीचं ऑफिस जॉर्जियात, तिथे एका पक्षाची संमती पुरते. ग्राहक कॅलिफोर्नियात. न्यायालयाने ग्राहकाच्या राज्याचा कायदा लावला.

आणि नंबरच्या एरिया कोडवरून राज्य ओळखायच्या फंदात पडू नका. लोक राज्य बदलतात, मोबाइल नंबर तोच राहतो. अमेरिकेतला प्रत्येक कॉल सगळ्यांच्या संमतीचा धरून चाला. राज्यानुसार नियम लावणारी सेटिंग डायलरमध्ये मिळते, पण ती एरिया कोडवरच चालत असेल तर तिच्यावर विसंबू नये.

ट्रंकलाइन

आता कॉल फ्लोबद्दल. तीनही देशांना एकच स्क्रिप्ट चालणार नाही, आणि कारण फक्त भाषेचं नाही. वॉशिंग्टन राज्यात रेकॉर्डिंगची सूचना दिली की संमती मिळाली असं धरतात, पण ती सूचना *रेकॉर्डिंगमध्येच* आली पाहिजे अशी अट आहे. म्हणजे रेकॉर्डर आधी सुरू, सूचना नंतर. जर्मनीत बरोबर उलटं: होकार मिळेपर्यंत रेकॉर्डर चालूच नको. तिथे एजंट आधी तोंडी विचारतो, "हो" आलं की बटण दाबतो, आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर "आपण रेकॉर्डिंगला होकार दिला आहे, बरोबर?" असं पुन्हा म्हणवून घेतो. पुरावा हा दुसरा होकार.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे ट्रंकवरचं (सगळे कॉल ज्यातून येतात-जातात ती मुख्य लाइन) "सर्व कॉल रेकॉर्ड करा" बंद करा. रेकॉर्डिंग क्यूच्या (एजंटच्या एकेका गटाकडे जाणाऱ्या कॉलची रांग) पातळीवर आणा आणि निदान दोन प्रोफाइल (सेटिंगचे संच) करा, एक अमेरिकेसाठी आणि एक "होकारानंतर सुरू" असं. भारताचे कॉलही मी दुसऱ्यातच टाकेन.

आउटगोइंगला सूचना एजंटनेच बोलायची. आधी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा मोह होतो, पण अमेरिकेत मोबाइलवर तसा आवाज वाजवायला टीसीपीए या टेलिफोन ग्राहक संरक्षण कायद्याखाली आगाऊ संमती लागते, म्हणजे एक भोक बुजवताना दुसरं पाडाल. वाक्य पहिल्या दोन वाक्यांत यायला हवं: नाव, कंपनी, मग "हा कॉल रेकॉर्ड होत आहे, चालेल ना?" आणि उत्तराची वाट बघायची. "केला जाऊ शकतो" काढा. खरंच होत असेल तर "होत आहे" म्हणा.

इनकमिंगमध्ये सूचना कुठे चुकते ते तपासा. एजंटच्या थेट नंबरवर आलेला कॉल आयव्हीआरमधून जातच नाही. कॉलबॅक मागितलेल्या ग्राहकाने सूचना ऐकली ती पहिल्या कॉलला, परत आलेल्या कॉलला नाही. क्यू भरल्यावर कॉल दुसऱ्या गटाकडे वळतो, तिथलं रेकॉर्डिंग प्रोफाइल वेगळं असू शकतं. आणि कॉलमध्ये तिसरा माणूस जोडला, मग तो बँकेचा असो की ग्राहकाचा वकील, त्याने काहीच ऐकलेलं नसतं. तो आला की एजंटने पुन्हा सांगायचं.

होल्डकडे कुणी लक्ष देत नाही. एजंट होल्ड दाबतो, ग्राहकाला संगीत ऐकू येतं, पण बऱ्याच पीबीएक्सवर रेकॉर्डर ग्राहकाच्या बाजूचा आवाज घेतच राहतो. फाइल उघडून ऐकलीत तर संगीताच्या मागे ग्राहक घरच्यांशी पैशांचं बोलतोय, डॉक्टरांच्या रिपोर्टबद्दल बोलतोय. त्या घरच्यांनी कसलीही संमती दिलेली नसते. "होल्डवर रेकॉर्डिंग थांबवा" ही सेटिंग शोधा. नसेल तर निदान दोन्ही बाजू वेगळ्या चॅनलवर घ्या, म्हणजे तेवढा तुकडा काढता येतो.

नकाराची वाट आधीच बांधून ठेवा. इनकमिंगला "रेकॉर्डिंग नको असल्यास ९ दाबा" आणि ९ दाबल्यावर रेकॉर्डिंग नसलेली क्यू. आउटगोइंगला एजंटकडे थांबवायचं बटण आणि "रेकॉर्डिंग नाकारलं" असा डिस्पोझिशन कोड (कॉल कसा संपला याची नोंद). नकार दिल्यावर बटण दाबेपर्यंतचा जो तुकडा रेकॉर्ड झाला, तो आपोआप पुसला जातो का हे विक्रेत्याला विचारा. बहुतेक ठिकाणी फाइल तशीच पडून राहते.

प्रत्येक कॉलच्या लॉगमध्ये एवढं हवं: कॉल आयडी, कोणती सूचना (आवृत्ती क्रमांकासह), ती कधी ऐकवली, रेकॉर्डिंग कधी सुरू झालं, उत्तर काय आलं. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ). सूचनेचा मजकूर बदलला तर जुनी ऑडिओ फाइल फेकू नका, तेव्हाच्या कॉलला तीच लागू असते.

सपोर्ट_डेस्क

होल्डचं आत्ता तपासलं, आमच्याकडे रेकॉर्डिंग चालूच राहतं. जर्मनीचे कॉल उद्यापासून वेगळ्या प्रोफाइलवर. कार्ड आणि फाइली ठेवायच्या मुदतीबद्दल कुणी सांगेल का? आणि भारताचं?

पुरावा_फाइल

कार्डापासून सुरू करतो. पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाप्रमाणे कार्डावरचा तीन किंवा चार आकडी सुरक्षा कोड व्यवहार मंजूर झाल्यानंतर साठवता येत नाही, एन्क्रिप्ट करूनही नाही. ऑडिओ फाइल म्हणजे साठवणंच. एजंटने हाताने रेकॉर्डिंग थांबवायचं ठरवलं तर दोन्हीकडून चुका होतात. कधी थांबवायचं राहतं आणि कोड फाइलमध्ये जातो, कधी पुन्हा सुरू करायचं राहतं आणि उरलेला सौदा पुराव्याविना राहतो. थांबवणं पेमेंटचं पान उघडण्याला जोडा, सुरू करणं पान बंद होण्याला. त्याहून बरं म्हणजे ग्राहकाने आकडे कीपॅडवर दाबायचे. पण तिथे टोन मास्किंग (कीपॅडचे आवाज रेकॉर्डिंगमध्ये झाकणं) असलंच पाहिजे, नाहीतर टोनवरून आकडे परत काढता येतात. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू असेल तर तेही त्याच क्षणी थांबायला हवं. हे फार वेळा विसरलं जातं.

मुदत उद्देशावर ठरते, "असू दे, लागेल कधीतरी" हा उद्देश होत नाही. गुंतवणुकीच्या सेवा युरोपात देत असाल तर मिफिड २ या युरोपीय गुंतवणूक-बाजाराच्या नियमाप्रमाणे संबंधित कॉल ५ वर्षं ठेवावे लागतात, नियामकाने मागितलं तर ७. भारतात शेअर ब्रोकरला ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ठेवणं सेबीने बंधनकारक केलंय, आणि वाद झाला तर सिद्ध करायची जबाबदारी ब्रोकरवर. असं बंधन नसलेल्या सपोर्ट कॉलला मी ९० दिवसांहून जास्त मुदत लावणार नाही. तक्रार झालेला कॉल तेवढा वेगळ्या फोल्डरमध्ये अडकवून ठेवायचा. पुसायचं म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, बॅकअप, आणि टीम लीडने ईमेलने पाठवलेली प्रतसुद्धा.

युरोपातल्या ग्राहकाने स्वतःचं रेकॉर्डिंग मागितलं तर एका महिन्यात द्यावं लागतं. म्हणून फाइल फोन नंबर आणि तारखेने सापडली पाहिजे. एजंटच्या नावाने लावलेले फोल्डर इथे कामाला येत नाहीत.

भारतात व्यवसायांच्या कॉल रेकॉर्डिंगसाठी असा एकच स्वतंत्र कायदा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हे दोन्ही धरून चाला. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल, संमती दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

कॉल न्यायालयात दाखवायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, १ जुलै २०२४ पासून. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, फाइल बदलली की बदलणारा ठसा) लिहावी लागते. हॅश फाइल तयार होतानाच काढून लॉगमध्ये ठेवा. वाद सुरू झाल्यावर काढलेली हॅश मधल्या काळात फाइल बदलली नाही हे सांगत नाही.

नियमवही

मोबाइल आणि एआय राहिलं. अँड्रॉइड १० पासून बाहेरच्या रेकॉर्डिंग ॲपना कॉलचा आवाज मिळत नाही, आणि ॲक्सेसिबिलिटीची (दिव्यांगांसाठीच्या सोयीच्या परवानगीची) पळवाट प्ले स्टोअरने मे २०२२ मध्ये बंद केली. आयफोनवर आयओएस १८.१ पासून स्वतःची सोय आहे, ती सूचनाही ऐकवते, पण फाइल एजंटच्या वैयक्तिक नोट्समध्ये जाते. नोकरी सुटली की फाइल त्याच्यासोबत. फिरतीवरच्या लोकांना पीबीएक्सचं सॉफ्टफोन ॲप (मोबाइलवरून ऑफिसच्या नंबरने बोलायचं ॲप) द्या आणि वैयक्तिक नंबरवरून ग्राहकाला फोन करायला बंदी घाला.

एआय विक्रेत्याच्या करारात एक कलम बारकाईने वाचा: आपल्या कॉलवर त्यांना स्वतःचं मॉडेल शिकवता येतं का? येत असेल तर तो तुमच्यासाठी काम करणारा न राहता संभाषण ऐकणारा तिसरा पक्ष ठरतो, असा दावा कॅलिफोर्नियात दंडसंहितेच्या कलम ६३१ खाली केला जातो, आणि नुसती तशी क्षमता असणंही काही न्यायालयांनी पुरेसं मानलंय. तो हक्क करारातून लेखी काढून घ्या आणि सूचनेत "रेकॉर्ड आणि ट्रान्सक्राइब होत आहे" असं म्हणा. जर्मनीच्या कॉलसाठी जीडीपीआरच्या कलम २८ खालचा प्रक्रिया करार वेगळा करा.

आणि एजंटही कॉलवरचा पक्षच असतो. त्याची लेखी संमती नियुक्तीच्या वेळी घ्या. न्यूयॉर्कमध्ये कर्मचारी असतील तर मे २०२२ पासून फोनवर देखरेख असल्याची लेखी सूचना देऊन पोच घ्यावी लागते.

ट्रंकलाइन

सेटिंग बदलल्यावर चाचणी अशी करा: प्रत्येक नंबरवर बाहेरून एक कॉल, मग थेट नंबर, कॉलबॅक, क्यू भरलेली असताना, होल्ड, तिसरा माणूस जोडून, ९ दाबून, कार्डाचं पान उघडून. प्रत्येक कॉलची फाइल ऐकायची, नुसता डॅशबोर्डवरचा हिरवा ठिपका बघायचा नाही. पीबीएक्सचं अपडेट आलं की हेच पुन्हा, कारण अपडेटमध्ये क्यूच्या सेटिंग मूळ पदावर गेल्या तर ट्रंकवरचं रेकॉर्डिंग गुपचूप परत चालू होतं.