माजघराला गडद करडा-हिरवा रंग: कुणी लावलाय का?

आगराकाठची, गुहागर

घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू. ओटी, माजघर, मागे पडवी. माजघराला खिडकी एकच, उत्तरेची, आणि तिच्या बाहेर पोफळी. म्हणजे आत येणारा उजेडच मुळात हिरवट. आजवर भिंतींना पिस्ता रंग होता. पावसाळा सरला की खालच्या दोन फुटांत तो फुगतो आणि पापुद्रे निघतात.

यंदा ही खोली मला गडद हिरवी करायची आहे. पोपटी नको, बाटलीचा चकचकीत हिरवाही नको. दिवाळीनंतर गडग्यावरचं (दगडी कुंपणावरचं) शेवाळ सुकायला लागतं ना, तेव्हाचा तो काळपट, करडा हिरवा मनात आहे. जमीन लाल कोब्याची, दारं नि चौकटी फणसाच्या. त्यांच्याशेजारी हा रंग फार शोभेल असं मला मनापासून वाटतं. सासूबाई म्हणतात, "अगो, आधीच काळोख, त्यात आणखी काळोख कशाला?" त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही, दिवसभर त्या तिथेच बसतात. कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

जांभा_आणि_जांभूळ, दापोली

आम्ही लावलाय, तिसरं वर्ष. अंधाऱ्या खोलीला पांढरा दिला की ती उजळते असं नाही, उजेडच नसेल तर पांढराही मळकट दिसतो. आमची खोली गडद रंगानंतर उलट ठाम दिसायला लागली. पण सासूबाईंचा मुद्दा खरा आहे. शेड कार्डावर किंवा कंपनीच्या माहितीत प्रकाश परावर्तनाचा आकडा मिळतो, 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. असे हिरवे साधारण 10 च्या आसपास किंवा त्याखाली. चारही भिंतींना लावलात तर एका दिव्यावर भागणार नाही. छत मात्र पांढरंच ठेवा.

दिवा आधी ठरवा आणि मग रंग. 2700 केल्विनच्या पिवळ्या उजेडात करडा हिरवा मेंदीकडे, तपकिरीकडे झुकतो. 6500 च्या पांढऱ्या ट्यूबखाली तोच निळसर आणि थंड होतो. आम्ही रंग दुकानातल्या ट्यूबखाली निवडला आणि घरी आणल्यावर दोन दिवस हळहळलो.

रंगकाम, मालवण

ताई, रंगाचं नंतर, आधी भिंतीचं बघा. चिरा खालून पाणी ओढतो. वरून इमल्शन (प्लास्टिकसारखा थर धरणारा रंग) मारलं की ओल आत कोंडते आणि रंगाला फोड येतात. वर जो पांढरा खार फुटतो तो पिस्त्यावर खपून गेला असेल, गडद हिरव्यावर लांबून दिसेल.

दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे धरले, तर ओल भिंतीतलीच. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेतली.

ओल भिंतीतली निघाली तर खालचा तीन फूट गिलावा खरवडून काढा, उन्हाळाभर सुकू द्या, मग चुन्याचा गिलावा करा. त्या पट्ट्याला इमल्शन नको, चुनाच द्या. चुन्यात टिकणारा हिरवा म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, तो मुळातच मंद असतो, पण चुना पांढरा असल्यामुळे गडद छटा येणार नाही. त्यापेक्षा खाली काव, म्हणजे तांबडी माती, घ्या.

वरच्या भागाला पांढरा प्रायमर नको, करडा करून घ्या. गडद छटेच्या बेसमध्ये (ज्यात दुकानदार रंग मिसळतो तो मूळ डबा) पांढरं रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे रंग झाकत नाही आणि तीन-तीन हात लागतात. सगळे डबे एका बादलीत ढवळून मगच सुरुवात करा, नाहीतर मधल्या भिंतीवर जोड दिसतो.

दोन_पोरांची_आई, रत्नागिरी

अगदी मॅट घेऊ नका. हात लागला की चकाकी येते आणि पुसलं तर आणखी पसरते. थोडी चमक असलेला घ्या.

आगराकाठची, गुहागर

सगळ्यांचे आभार. प्लास्टिक लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काढलं तर थेंब भिंतीकडच्या बाजूलाच होते आणि गिलावा बोटाला गार लागत होता. मालवणच्या दादांचं बरोबर.

तीन फुटी प्लायवर दोन छटा लावून आठ दिवस खोलीत फिरवल्या. पहिलीत निळा जास्त होता. भर पावसात दुपारी चारला, पोफळींचा उजेड पडल्यावर, ती पाण्यात बुडाल्यासारखी दिसायची. दुसरीत पिवळा नि काळा. तीच फळी फणसाच्या चौकटीला टेकवून ठेवली, तर लाकडातला मधासारखा पिवळा एकदम वर आला. संध्याकाळी समई लावल्यावर सासूबाई बराच वेळ तिकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "देवाच्या मागच्या भिंतीला चालेल. माझ्या खाटेकडची पांढरी ठेव."

तसंच करणार. दोन भिंती हिरव्या, खिडकीसमोरची आणि खाटेची पांढरी, खाली सगळीकडे कावेचा पट्टा. गिलावा शिमग्यानंतर काढायचा. चुन्याचं काम करणारा गवंडी आमच्याकडे आता मिळत नाही, चिपळूण-गुहागर भागात कुणी असेल तर कळवा.